चार इंच

कॅरिसनं बोटाच्या पेरानं भिंत वाजवली,
डॉक्टर पाठ वाजवतात तशी.
"नऊ इंची. खाणमालकांनी बांधलेली घरं.
मजुराला खासगी असं काही असतं
हे त्यांच्या हिशोबातच नव्हतं."
कानामागची पेन्सिल काढून विचारलं,
"त्रास कसला? कुत्रा? ड्रम?"
मी म्हटलं, "रेडिओ,"
आणि चहा ठेवायला आत गेले.

खोटं नव्हतं. रेडिओ आहे.
पलीकडे एम्लिन बेनन, वय एक्याऐंशी.
शनिवारी रग्बी, रविवारी समूहगान,
रोज रात्री उशिरा हवामान, पुटपुटत, बराच वेळ.
वीस वर्षं. कधी खटकलं नाही.

फेब्रुवारीत ग्लिन गेला.
मेला नाही. स्वान्सीला गेला, टोस्टर घेऊन.
मेला असता तर गल्लीनं केक तरी आणले असते.
त्या रात्री जिन्यात बसून मी रडले,
चौपन्नाव्या वर्षी शोभू नये इतक्या मोठ्यानं,
आणि पलीकडचा रेडिओ
हळू झाला.
बंद नाही. हळू.
आजाऱ्याच्या खोलीत कुणी पाय न वाजवता शिरावं, तसा.

पुढच्या रात्रीही. त्याच्या पुढच्याही.
इकडे हुंदका, तिकडे बटण.
भिंतीला कान असतात, ते ठीक;
आमच्या भिंतीला भीड होती.
तीच सोसेना.
नळ सोडून पाहिला. उशी चावली.
कपाटात कोटांमध्ये बसून पाहिलं
तर रिकामे हँगर वाजायला लागले.
मग वेल्सची मॅच आली,
आणि माझी सकाळ वाईट गेली म्हणून
त्या म्हाताऱ्यानं ऐंशी मिनिटं कुजबुजीत ऐकली.
शेवटच्या ट्रायला अख्खी गल्ली ओरडली.
तो नाही.
सोमवारी मी कॅरिसला फोन केला.

जुना गिलावा उतरवताना
शेगडीमागची एक वीट खोलगट निघाली.
"पोकर," कॅरिस म्हणाली.
"कळा सुरू झाल्या, भट्टीतून पाव निघाला,
खाणीचा भोंगा अवेळी वाजला,
की बायका ठोकायच्या. पलीकडची यायची."
तिनं खळग्यात अंगठा ठेवून पाहिला.
मग मी.
बरोबर बसला.
मग आम्ही त्यावर लोकर दाबली.

लोकर दगडाची. लोखंडी पट्ट्या.
प्लास्टरबोर्डचे दोन थर, सांधे एकावर एक येऊ न देता.
कडेकडेनं चिकट हिरवं काहीतरी,
कारण आवाज पाण्याच्या जातीचा,
केसाएवढी फट त्याला पुरते.
खोली चार इंचांनी आखूड झाली.
सोफ्याचा कोपरा दारात आला.
त्या रात्री मुद्दाम रडायला बसले, इतके पैसे घातलेत म्हणून.
येईना.
घड्याळ ऐकलं. फ्रिज ऐकला.
माझं गिळणं ऐकलं.

गुरुवारी बेल वाजली.
एम्लिन. सपाता, हातात मोजपट्टी.
"किती गेले?"
"चार इंच."
"हं." भिंतीशी वाकून त्यानं स्वतःही मोजले.
"मीही करून घ्यावं म्हणतोय, माझ्या बाजूनं.
खोकला आहे. आणि रात्री मी जरा
मेगनशी बोलतो.
नऊ वर्षं झाली तिला जाऊन, पण सवय.
तुझी झोपमोड होत असेल."

हवामान.
नऊ वर्षं मी ते हवामान समजत होते.

"मला कधी काही ऐकू आलं नाही," मी म्हटलं.
तो मोजपट्टीकडे बघत होता.
"मलाही नाही," तो म्हणाला. "कधीच."
पट्टी सट्‌कन आत गेली.

मग सोफ्याकडे पाहून,
"हा तिरका लावला तर बसेल.
तू ते टोक धर.
उचल. नाही, ओढू नको,
उचल."